खांबावरचा फोटो

ल्युबिशा बसमधून उतरला आणि शेजारच्या रादोयकाबाईंच्या हातून पिशवीच सुटली. बटाटे रस्ताभर घरंगळले.

"अगं बाई! पोरा, तू तर खांबावर आहेस!"

खरंच होता. विजेच्या खांबावर, गावच्या रिवाजाप्रमाणे, निधनाचा कागद, काळी चौकट, वडिलांचं नाव वुकाशिन, वय बहात्तर. वर फोटो मात्र ल्युबिशाचा, जर्सीतला. बेकरीपासून चर्चच्या फाटकापर्यंत गावभर तोच मेला होता.

"चष्मा सापडेना रे," घरी पोचल्यावर आई म्हणाली. "ह्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात एवढा एकच फोटो होता. वाटलं, तरुणपणीचा असेल. दिला धाडून छापखान्यात."

"बाबांच्या खिशात माझा फोटो?"

सतरा वर्षांत फुटबॉलचे अकरा क्लब. मधल्या फळीत ऊर फुटेस्तोवर धावायचं आणि चेंडू दुसऱ्याच्या पायात द्यायचा. पेपरात नाव गोल करणाऱ्याचं. वडील एकाही सामन्याला आले नाहीत. कारखान्यात चिकटलो नाही म्हणून बाबांनी आपल्याला मनातून काढून टाकलंय, हे शल्य त्याने गावोगाव वागवलं होतं.

"दफन उद्या दुपारी. दुसरा फोटो दे, नवे कागद छापून आणतो."

"ओळखपत्रावरचा नको रे. त्यात चोर दिसतात."

तिने बिस्किटांचा डबा काढला. आत पेपरातली कात्रणं, सगळी ल्युबिशाची. एकात दूरच्या प्रिलेप गावचं मैदान होतं. ल्युबिशा कॉर्नर घेतोय, आणि कुंपणामागे, त्याच्या कोपराशी, टोपी घातलेला मिशाळ चेहरा.

"आई, हे बाबा! प्रिलेपला आले होते? मग भेटले का नाहीत?"

"दोन बस बदलून गेले होते. त्या दिवशी तुला अर्ध्या सामन्यातून बाहेर काढलं ना? म्हणाले, आत्ता समोर गेलो तर पोराला ओशाळं वाटेल. नंतर भेटू."

ल्युबिशाने कात्रण डोळ्यांजवळ धरलं. त्या संध्याकाळी परक्या गावात तो एकटाच जेवला होता.

छापखानेवाल्याने कात्रणातला चेहरा मोठा केला. "जरा पुसट येतोय. आणि कडेला कुणाचं तरी कोपर आलंय. कापू?"

"राहू द्या."

मग तो एकेका खांबापाशी थांबत गेला. स्वतःच्या चेहऱ्यावर खळ फासायची, वर वडिलांचा कागद बसवायचा आणि तळहाताने दाबायचा. टोपीपाशी हात जरा जास्त वेळ राही.