ताईंचा आकडा

प्रयोगशाळेत त्या आकड्याला नावच पडलं होतं, ताईंचा आकडा. नवीन कुणी कामाला लागलं की पहिल्याच दिवशी त्याला बजावलं जाई, तुझं उत्तर काहीही येवो, आधी ताईंच्या आकड्याशी ताडून बघ. नऊ वर्षं हे चाललं होतं आणि ताईंना त्याचा एकदाही कंटाळा आला नव्हता.

तिथली बॅटरी म्हणजे दोन टाक्या भरून व्हॅनेडियमचं द्रावण. वीज साठायची ती त्या द्रावणातच. पंप दोन्ही द्रावणं मधल्या सेलमधून फिरवत राहायचे, आणि बॅटरी चार्ज होताना एका टाकीत निळ्याचं पिवळं व्हायचं, दुसरीत हिरव्याचं जांभळं. यातली हिरवी बाजू महाआळशी. सेलमधल्या काळ्या कार्बन फेल्टवर, म्हणजे घोंगडीसारख्या जाड कापडावर, तिची क्रिया रेंगाळत चाले आणि अख्खी बॅटरी तिच्यासाठी खोळंबून राही. ती नेमकी किती रेंगाळते हे तिथे पहिल्यांदा मोजलं ताईंनी. तोच हा आकडा.

भावजयीला तिथे चिकटवलं तेही ताईंनीच. धाकट्या भावाची बायको, त्याच विषयातली, हुशार. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांपाशी शब्द टाकून ताईंनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आठ महिन्यांत तिने हिरव्या द्रावणात चिमूटभर बिस्मथ हा धातू घातला आणि क्रियेचा वेग ताईंच्या आकड्याच्या तिप्पट आणून दाखवला. सर तो आलेख हातात घेऊन इमारतभर फिरले. मागच्या शेडमध्ये दोन मोठ्या टाक्या बसायच्या होत्या. ते काम ताईंचंच, असं सगळे धरून चालले होते. आता सर म्हणाले, "सोमवारी ठरवू."

ताई जळत होत्या. त्याला दुसरा शब्द नाही. भावजयीचं हसणं, तिचं सुबक अक्षर, तिचा वेळेवर निघणारा डबा, सगळं त्यांना खुपत होतं. तिघं राहत एकाच घरात. पूर्वी जेवताना भाऊ विचारायचा, "ताई, आज काय निघालं?" हल्ली तो प्रश्न टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊ लागला होता. ताई भाजीत मीठ कमी आहे म्हणायच्या आणि उठायच्या. मीठ बरोबर असायचं.

तिप्पट. एवढं कुठून येतं? ताईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. भावजयीच्या कामात खोट निघावी म्हणून त्यांनी तिची एकेक सवय आठवून पाहिली, आणि एक सापडली. फेल्ट सेलमध्ये बसवण्याआधी ती तो द्रावणात बुडवून व्हॅक्यूमच्या भांड्यात अर्धा तास ठेवायची, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. ताई दोन बोटांनी दाबून भिजवत आणि लावून मोकळ्या होत. "किती आंघोळ घालशील त्याला?" असं त्यांनी तिला चिडवलंही होतं.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. ताईंनी फेल्टचा नवा तुकडा घेतला, अर्धा तास व्हॅक्यूममध्ये भिजवला आणि मोजायला बसल्या. बिस्मथचा कणही घातला नाही. आकडा आला तिप्पट. पुन्हा मोजला, पुन्हा तिप्पट. बिस्मथचं पितळ उघडं पडलं होतं. ताईंना इतका आनंद झाला की त्या एकट्याच हसल्या, आणि हसता हसताच थबकल्या.

कारण हिशोब सरळ होता. नीट न भिजलेल्या फेल्टमध्ये हवा अडकते. तेवढा भाग क्रियेत उतरतच नाही, आणि ताईंनी मात्र दर वेळी गणितात अख्खा फेल्ट धरला होता. भावजयीने काही वेगवान केलंच नव्हतं. ताईंचाच आकडा नऊ वर्षं खोटा होता.

रविवारभर त्यांना कुणी बोलवलं तरी दुसऱ्यांदा हाक मारावी लागली. गप्प बसावं, तर टाक्या भावजयीच्या. तोंड उघडावं, तर ती पडेल खरी, पण आपणही पडू. सोमवारी दात घासताना त्यांचं ठरलं. बुडायचं तर दोघींनी.

बैठकीला त्या कागद घेऊनच गेल्या. पण सर बसतात न बसतात तोच भावजय उभी राहिली.

"सर, बिस्मथचा निकाल मी मागे घेते. माझ्या मोजणीत चूक झाली."

"चूक? कसली?"

"ते नीट कळलं नाही. पण आकडा धरू नका. ताईंचाच बरोबर आहे."

तिच्या हातात एक कागद होता आणि बोलता बोलता ती त्याची घडी घालत होती. ताई शेजारीच होत्या. कागदावर दोन रेषा होत्या, एकीवर एक बसलेल्या, आणि एकीखाली त्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, बिस्मथशिवाय. म्हणजे हिनेही मोजून पाहिलं होतं. चूक कुणाची, कुठे, सगळं हिला ठाऊक होतं, आणि ती ते ताईंसाठी गिळत होती.

सरांनी सुस्कारा टाकला. "ठीक आहे. मग शेडमधलं काम ताईंकडेच. काय ताई?"

फक्त मान हलवायची होती. टाक्या मिळत होत्या, आकडा शाबूत राहत होता, आणि पोरगी आपणहून बाजूला झाली होती. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून शांत बसली होती, आणि त्या शांत चेहऱ्याने ताईंच्या अंगाचा जसा तिळपापड झाला, तसा त्या तिप्पट आलेखानेही झाला नव्हता. हुशारी हिची, नाव हिचं, भाऊ हिचा, आणि आता मोठेपणाही हिचाच.

"ती खोटं बोलतेय," ताई म्हणाल्या आणि आपला कागद सरांपुढे सरकवला. "तिची मोजणी बरोबर आहे. बिस्मथने काही होत नाही, पण फेल्ट भिजवते तीच नीट. माझा आकडा चुकलेला आहे. नऊ वर्षांचा, सगळा."

भावजय पुटपुटली, "ताई, कशाला..."

"तू गप्प बस."

सरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला. "ताई, हे असं चारचौघांत कबूल करायला फार मोठं मन लागतं."

"माझं नाही सर, तिचं आहे ते," ताई म्हणाल्या. "मला ते बघवलं नाही."