पाय आजींचा

सिस्टरने स्ट्रेचरचा ब्रेक पायाने दाबला आणि ती तिथेच उभी राहिली.

“अहो, अकराची केस आहे,” स्ट्रेचर आणणारे मामा म्हणाले. “ऑपरेशन थिएटरातून दोनदा फोन झाला.”

“होऊ दे तिसऱ्यांदा. आजींना विचारलं का कुणी?”

चार नंबरच्या खाटेवरच्या आजी स्ट्रेचरवर छताकडे बघत पडल्या होत्या. त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून कापायचा होता. पहिल्या दिवशी केसपेपरवर कुणीतरी लिहिलं होतं : संभ्रमित, प्रतिसाद नाही. पुढच्या प्रत्येकाने तेच उतरवून काढलं. संमतिपत्रावर त्यांच्या मुलाची सही होती.

“यांचं कानाचं मशीन कुठंय?” तिने शेजारी उभ्या मुलाला विचारलं.

“घरी, कपाटात. इथं हरवलं म्हणजे?”

सिस्टरने डोळे मिटले, मग उघडले.

“चार दिवस झाले. मग त्या उत्तर देणार कशा?”

“आम्ही मोठ्याने बोलतो की.”

“ओरडता. आणि त्या बिचाऱ्या घाबरून गप्प बसतात.”

तेवढ्यात डॉक्टरच खाली आले.

“सिस्टर, तुमचं प्रवचन दुपारी ऐकतो. सही आहे ना?”

“सही मुलाची आहे, सर. पाय आजींचा.”

“पाय ठेवला तर आजी राहणार नाहीत.”

हे काय तिला ठाऊक नव्हतं? सकाळचं ड्रेसिंग तिनेच केलं होतं. काळी पडलेली बोटं, तो वास. पाय जायलाच हवा याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. म्हणून तर जास्त संताप येत होता. विचारायला दोन मिनिटं पुरली असती.

तिने गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, त्याची टोकं हलकेच आजींच्या कानात बसवली आणि गोल चकती स्वतःच्या ओठांजवळ धरली.

“आजी, ऐकू येतंय?”

आजींची नजर छतावरून खाली आली.

“येतंय गं बाई. एक तरी माणूस धड बोलतंय.”

मामांना हसू आवरेना. सिस्टरने मात्र सगळं सावकाश सांगितलं. पायातलं विष वर चढतंय, कापला तर वाचण्याची आशा बरीच आहे. आजी लक्ष देऊन ऐकत राहिल्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “आहे तशीच राहू दे मला.”

“नाही कापला तर काय होईल, सांगा बघू?”

“मरेन. परीक्षा घेतेस होय गं माझी?”

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. “झालं समाधान?”

तिने चकती मुलाच्या हातात दिली.

“आता तुम्हीच समजावा.”

सवयीने त्याने ओरडायला छाती भरून श्वास घेतला, मग थांबला. पुढे तो इतकं हळू बोलला, की शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरलाही काही कळलं नाही. आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याच्या गालावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही.

तो सरळ झाला आणि सिस्टरकडे वळला.

“सिस्टर, केलेली सही परत घेता येते का हो?”

तिने नाही म्हटलं असतं, तर त्याने मानलं असतं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

“येते,” ती जवळजवळ खेकसलीच, आणि खिशातलं पेन काढून तिने त्याच्यापुढे धरलं.