त्रास सुनेला, उत्तर सासूचं

देवगाव रंगारीत पुंजाराम यांच्या घरी आरोग्य केंद्राची आशाताई मेघा रोज सकाळी यायची. सून निशाला मलेरिया निघाला होता. चौदा दिवसांच्या गोळ्या समोर गिळायला लावायच्या आणि काही त्रास झाला का, ते विचारून कार्डावर लिहायचं, हे मेघाचं काम. गोळी निशा गिळायची. त्रासाचं उत्तर मात्र सासू द्वारकाबाई द्यायच्या.

"काय नाय, चांगली हाय," म्हणत त्या चहाचं आधण ठेवायच्या. मेघा 'त्रास नाही' लिहायची, चहा पिऊन निघायची. चांगल्या घरच्या सुनेनं परक्यापुढं स्वतःच्या अंगाचं बोलू नये, ही या घरची रीत. असली रीत चुलीत घालावी असं मला वाटतं. पण थेट निशालाच विचारावं, हे तीन दिवस मेघालाही सुचलं नाही.

चौथ्या सकाळी निशा दाराला धरून उभी होती. डोळे पिवळट झाले होते.

"काही त्रास?" मेघानं विचारलं.

"काय नाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हाय," निशा म्हणाली. "परवापासून लघवी कोऱ्या चहावानी काळी होतीय. दोन पावलं चाललं की दम लागतोय."

ओसरीवरून पुंजाराम खाकरले. "पोरी, असल्या गोष्टी चारचौघांत बोलत्यात व्हय? घराची काय अब्रू ऱ्हाईल?"

निशा थांबली नाही. "मामा, मेल्यावर खांदा द्यायला चारचौघंच येणार. जित्तेपणी त्यांच्यापुढं बोलले तर काय बिघडलं?"

मेघाच्या हातातली गोळी हातातच राहिली. ही गोळी काहींच्या रक्ताला सोसत नाही. लघवी काळी झाली की ती बंद करून तडक दवाखाना गाठायचा, हे तिला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. तिनं अँब्युलन्सला फोन लावला. पुंजाराम नको म्हणत राहिले. निशा चप्पल घालून अंगणात जाऊन उभी राहिली.

संभाजीनगरच्या दवाखान्यात रक्त तपासायला घेताना डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. आणखी काय होतंय?"

सोबत आलेल्या द्वारकाबाईंचं तोंड सवयीनं उघडलं. निशानं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं.

"तूच सांग, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "मला आजवर कुणी इचारलंच नाय, म्हून तुला इचारावं हे ठावं नव्हतं."

बाहेरच्या बाकावर मेघानं कार्ड काढलं. कार्ड तपासणारे साहेब रागावणार हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं तिन्ही 'नाही' खोडले आणि शेजारी लिहिलं: 'रुग्णाला विचारलं नव्हतं, सासूला विचारलं. चूक माझी.' खाली पूर्ण नावानं सही केली.