दगडाबाईची उजवी चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे. त्यातही उजव्या पायाची. डावी माझ्या शेजारीच असते, पण तिच्याकडे सांगण्यासारखे फारसे काही नाही. ती आयुष्यभर नुसती चालली. मला मात्र लोकांनी नाकाशी धरले. हसू नका, खरेच सांगते.

माझा जन्म वैरागच्या बाजारात झाला. जाड चामडे, टाचेला लोखंडी खिळे आणि घट्ट अंगठा. दगडाबाईने मला घेताना बजावले होते की शोभेची नको, चालायची दे. पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला आणि ती मुलाला घेऊन सोलापूरला आली. मुलगा म्हणजे लहान नव्हे, चांगला मिसरूड फुटलेला गडी होता. महिपती त्याचे नाव. नवरा मागेच वारला होता. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात महिपती टॉवेलच्या मागावर लागला आणि दगडाबाई घरबसल्या टॉवेलांच्या दशांना गाठी मारू लागली.

सारे बरे होते, पण महिपतीला फिट येत असे. बोलता बोलता त्याचे डोळे फिरत, तो धाडकन पडे, हातपाय झाडू लागे. मग चाळीत एकच ओरडा होई, चप्पल आणा. शेजारची गौरम्मा मला दगडाबाईच्या पायातून ओढून काढी आणि त्याच्या नाकाशी धरी. थोड्या वेळाने तो शांत होई. बघणारे म्हणत, चप्पल मोठी गुणाची आहे. मला इतका ताठा चढला की देव्हाऱ्याच्या खालोखाल घरात माझाच मान आहे असे वाटू लागले. डावी म्हणायची, अगं, फिट आपोआपच थांबते, तू मध्ये कुठे आलीस? मी तिच्याशी बोलणे टाकले.

एकदा तो मागाच्या अगदी जवळ पडला. चालत्या मागात हात जायचा, तो थोडक्यात वाचला. तेव्हा कारखान्याचे मालक सिद्धाप्पा यांनी त्याला सरकारी दवाखान्याची वाट दाखवली. माणूस भला होता, पण त्यांनी स्पष्ट सांगितले की कारखान्यात पुन्हा फिट आली तर मी तुला कामावर ठेवू शकणार नाही. तुझा जीव माझ्या अंगावर नको. मागापासून दूर, गठ्ठे बांधायला त्यांनी त्याला बसवले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या. रोज रात्री एक, आणि महिन्याच्या महिन्याला येऊन दाखवायचे. चप्पल हुंगवू नका असेही त्यांनी बजावले. दगडाबाईने घरी येऊन ते गौरम्माला सांगितले, पण गौरम्मा ऐकते कसली. माझा मान राहिला, म्हणून मीही मनातून खूश होते.

दगडाबाईने मात्र त्या गोळ्यांसाठी जिवाचे रान केले. रात्री जेवण झाले की ती महिपतीच्या तळहातावर गोळी ठेवी, पाणी देई आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावी. त्याचे कारखान्यातले दोस्त दारात उभे असले तरी तिला त्याचे काही नसे. बिचारा कानापर्यंत लाल होई. दवाखान्यातही तेच. डॉक्टरीणबाई त्याला विचारत, उत्तर दगडाबाई देई. झोप कशी, भूक कशी, गोळी चुकते का, सगळे तीच सांगे. महिपती खाली बघत उभा राही. आईने आपल्यासाठी किती सोसले हे तो जाणून होता, म्हणून तिचे बोलणे तोडणे त्याच्या जिवावर येई.

फिट कमी झाल्या. पण थांबल्या नाहीत. आणि जी यायची ती मंगळवारीच यायची.

वार मला बरोबर कळत असे. सोमवारी दगडाबाई महिपतीला घेऊन सिद्धेश्वराला जाई. तळ्यातल्या त्या देवळाबाहेर मी आणि डावी उन्हात तापत पडत असू. मुलाची फिट जावी म्हणून तिने नवस बोलला होता आणि महिपतीला सोमवार धरायला लावले होते, दोन्ही वेळचे, कडक. त्या दिवशी पाण्याखेरीज पोटात काही नाही आणि रात्री गोळीही नाही, कारण औषध पोटात गेले की उपवास मोडतो अशी तिची पक्की समजूत. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो कामाला निघण्याआधीच, मी पुन्हा नाकाशी. मला बोलता येत नाही याचे तेव्हा जितके वाईट वाटले तितके कधीच वाटले नव्हते. असल्या मानाचा मला वीट आला.

मग एके दिवशी दवाखान्याच्या फाटकातच माझा अंगठा तुटला. दगडाबाईने महिपतीला रांगेत उभे केले, मी येईपर्यंत आत जाऊ नकोस असे बजावले आणि मला हातात घेऊन ती बाहेरच्या चांभाराकडे गेली. त्याच्यापुढे आधीच दोघेतिघे बसलेले. आम्ही परत आलो तेव्हा महिपती बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याचा नंबर येऊन गेला होता.

दगडाबाई चिडली. "माझ्याबिगर आत गेलास कसा? काय सांगितलंस त्यास्नी?"

"सोमवारी गोळी घेत न्हाय, हे सांगितलं."

"मग त्यात सांगायचं काय? उपासाला औषध चालतंय व्हय?"

"आई, दिवसभर उपाशी, वर गोळी न्हाय, म्हणूनच मी मंगळवारी पडतोय. बाई म्हणाल्या, गोळीला खाडा न्हाय आन जेवणालाबी न्हाय." मग तो हळूच म्हणाला, "मला कवाधरनं वाटत हुतं. पण आत गेलं की तूच बोलतीस."

दगडाबाई मटकन बाकावर बसली. ज्या उपवासाने मुलगा बरा व्हावा म्हणून ती देवापुढे डोके टेकत होती, तोच उपवास त्याला पाडत होता. ती रडली नाही. उठून ती महिपतीच्या मागोमाग घराकडे चालू लागली.

सोमवार आला. आम्ही नेहमीप्रमाणे देवळात जाऊन आलो. संध्याकाळी दगडाबाईने भाकऱ्या थापल्या, आमटी केली आणि एकच ताट वाढले. महिपती तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"नवस मी बोलले हुते, तवा उपास मी धरीन," ती म्हणाली. "तू जेव."

तो जेवला. मग तिने गोळ्यांची पुडी आणली आणि गोळी न काढता सबंध पुडीच त्याच्या हातात दिली. ही तुझ्यापाशी ठेव म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून बसली. गोळी गिळेपर्यंत तिने मागे वळून पाहिले नाही. तिला ते किती जड गेले असेल, हे मला तिच्या पाठीवरून दिसत होते.

मंगळवारी मी दाराशी तयार होते. महिपती डबा घेऊन कामाला गेला आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आला. मला कोणी बोलावले नाही. त्यानंतरच्या मंगळवारीही नाही. तेव्हापासून मी नुसती पायात असते आणि डावीशी माझे बोलणे पुन्हा सुरू झाले आहे.

मित्रांनो, कोणाला फिट आली तर मला त्याच्या नाकाशी नेऊ नका. त्याच्या तोंडात काही घालू नका. त्याला कुशीवर वळवा, आसपासचे सामान दूर सारा आणि तो शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा. नंतर मला पायात घाला आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात चला. बाहेर बाकावर बसा, हवा तितका वेळ बसा. आत मात्र त्याला बोलू द्या.