आऱ्यावरचं झाकण

पासष्टची लढाई सुरू झाली तेव्हा गुणवंत पोतनीस जबलपुरातल्या एका लाकडी पेट्यांच्या कारखान्यात मॅनेजर होता. कागदोपत्रीच. कायद्याप्रमाणे कारखान्याला एक जबाबदार मॅनेजर नेमून त्याचं नाव सरकारला कळवावं लागे, म्हणून मालक भय्यासाहेबांनी आपल्या कारकुनाचं नाव कळवलं होतं. गुणवंताला हातांची खुर्ची मिळाली, हुकूम मात्र भय्यासाहेबांचेच चालत.

लढाईमुळे दारूगोळ्याच्या पेट्यांची मागणी एकदम वाढली. लाकूड कापायच्या आरा मशीनच्या पात्यावर लोखंडी झाकण होतं, पण त्यामुळे फळ्या हळू सरकत. भय्यासाहेबांनी गुणवंताला खोलीत बोलावलं.

"झाकण काढायला सांगा. लढाई संपली की परत बसवू."

"साहेब, कुणाचा हात गेला तर?"

"तिकडे पोरं मरून राहिली सरहद्दीवर, अन् तुम्ही झाकणाचं काय घेऊन बसलात?"

गुणवंत उठला. मग खाली जाऊन त्यानं आऱ्यावरच्या नथ्थूला झाकण काढायला सांगितलं. नथ्थू शहपुऱ्याकडचा, चांगला कारागीर. त्यानं एकदा गुणवंताच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाना हातात घेतला.

लढाई थांबली, पण पेट्यांचं काम थांबलं नाही. दोनदा गुणवंतानं विषय काढला. "बघू," एवढंच उत्तर आलं. दिवाळीच्या तोंडावर लाकडातली गाठ पात्यावर आदळून फळी उसळली आणि नथ्थूचा उजवा हात मनगटापासून गेला.

फॅक्टरी इन्स्पेक्टरनं मालक आणि मॅनेजर दोघांवर खटला भरला. गुणवंताच्या बायकोला, अनसूयेला, हे समजेचना.

"झाकण त्यांनी काढायला लावलं. मग तुमचं नाव काहून?"

"मॅनेजर मीच आहे ना."

"मग सांगा ना कोर्टात, खरं काय ते."

त्यानं सांगितलं. पण खोलीत तेव्हा तिसरं कुणी नव्हतं. भय्यासाहेबांच्या वकिलानं मांडलं की मालकानं उत्तम झाकण विकत आणून दिलं होतं, माहितगार माणूस मॅनेजर नेमला होता. याहून अधिक काळजी मालकानं ती काय घ्यायची? आणि योग्य काळजी घेतलेल्या मालकाला कायदा सोडत होता. झाकण खरंच होतं. गोदामात, कोऱ्यासारखं. ते कोर्टातही आणलं गेलं.

मग नथ्थूला उभं केलं. उजव्या हाताची बाही मनगटापाशी दुमडून टाचलेली होती.

"ढक्कन निकालने को किसने कहा था?" वकिलानं विचारलं.

नथ्थूनं गुणवंताकडे पाहिलं. "पोतनीस बाबूजी ने."

"मालिक ने कभी कहा?"

"मालिक से तो हमारी बात ही नहीं होती थी, साहब."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या दिवशी आपण फक्त निरोप पोचवत होतो, हे नथ्थूला सांगायचं गुणवंताला सुचलंच नव्हतं.

भय्यासाहेब सुटले. गुणवंताला दोन महिन्यांची कैद झाली. अपिलाला वाव होता, पण त्याच्या वकिलाला ते लढण्यात अर्थ वाटत नव्हता.

बाहेर व्हरांड्यात शिपाई गुणवंताला नेऊ लागला, तेव्हा नथ्थू आडवा आला.

"बाबूजी, हमने कुछ गलत कह दिया क्या?"

"नहीं भैया. जो हुआ था वही कहा."

"तो फिर आपको काहे ले जा रहे हैं?"

शिपायानं गुणवंताच्या दंडाला धरलं आणि तो निघाला. अनसूया डबा घेऊन मागे धावली, पण डबा आत न्यायची परवानगी नव्हती. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर ती परत आली. नथ्थू पायरीवर बसला होता. सकाळी गावाहून उपाशीच निघाला होता म्हणे. तिला त्याचा राग यायला हवा होता. तिनं डबा त्याच्यापुढे ठेवला. तो डाव्या हातानं झाकणाशी झटत राहिला, ते काही निघेना. मग खाली बसून तिनं डबा उघडून दिला.