चंद्रतळ्याची चिकटलेली पानं

"उड माह्या लेकरा, वाट आहे थोडी,
चंद्राच्या तळ्याले दुधाची गोडी..."

मित्रांनो, सुहासिनीचा हा आवाज माझ्या पानापानांत मुरला आहे. मी 'चंद्रतळं' या गोष्टीच्या पुस्तकाची एक जुनी प्रत आहे. पाठीला कापडाची पट्टी, कोपरे दुमडलेले. शाळकरी सुहासिनीनं मला सदर बाजारातल्या दुकानातून घरी आणलं. पुढे तिला भैरवी झाली, आणि रोज संध्याकाळी ती लेकीसोबत मलाही मांडीवर घेऊ लागली.

सारस आई पिलाला घेऊन चंद्रावरच्या तळ्याकडे निघते, ही माझी गोष्ट. सुहासिनी ती घरच्या बोलीत वाचायची. शेवटाजवळ मात्र एकदम दोन पानं उलटायची. तिथे सारस आई मरते. "मंग पिलू पोचलं वं तळ्यावर," एवढंच ती सांगायची.

एकदा माझ्या गोष्टीवर सिनेमा आला. त्यात गोष्ट अर्ध्यावरच थांबली, तरी सुहासिनी, भैरवी आणि तिचे बाबा, तिघं खुशीत परतली. "दुसरा भागही तिघंच पाहू," सुहासिनी म्हणाली.

त्याआधीच ती आजारानं गेली. नऊ वर्षांची भैरवी तेव्हा खाप्याला, मावशीच्या गावी होती. परतल्यावर ती मला एकटीच वाचू लागली. तेव्हा तिच्या बाबांनी, मधुसूदनरावांनी, मैद्याची खळ शिजवली आणि ती दोन पानं चिकटवून टाकली. किती हळुवार बोटं होती ती! तरी माझा श्वास तिथेच अडकला.

सहा वर्षांनी, यंदा, दुसरा भाग आला. बापलेक मधली खुर्ची सोडून बसले. त्या खुर्चीवर मी. पडद्यावर नुसता धूर आणि आगीचे गोळे.

"बाबा, सारस आहे का हेलिकॉप्टर?" भैरवी कुजबुजली. बाबा हसले.

मग विजा कडाडल्या आणि मेलेली सारस आई उठून उभी राहिली. पिलानं तिच्याकडे धड पाहिलंही नाही. दोघं लगेच लढायला धावली. ही माझी गोष्ट? मला रडू आलं.

भैरवीचं हसू थांबलं. "बाबा, ही सारस आई मेली कधी होती?"



घरी येऊन तिनं माझी ती चिकटलेली पानं चहाच्या वाफेवर धरली. पानं सुटली. ती मोठ्यानं वाचू लागली. मरताना सारस आई पिलाला हाक मारते. पिलू येतं, तिच्या चोचीला चोच लावतं, आणि मगच उडतं.

"इतकं चांगलं पान, बाबा. काहून चिकटवलं?"

मित्रांनो, आम्हाला कव्हर घाला, वाळवीपासून जपा. पण रडवणारं पान बंद करू नका. कुणीतरी त्याच पानाची वाट पाहत असतं.

मधुसूदनरावांनी माझ्या ओल्या पानावर हात ठेवला.

"मले वाटलं, तू घाबरशील," ते म्हणाले. "तुह्या आईनं दोन दिवस तुलेच हाक मारली, पोरी. मीच तुले खाप्याहून आणलं नाही."