जावई डबा घेऊन जेवायला आले

धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो. त्यात जावयाला जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि त्यातला निदान एक त्याने आपल्यासमोर खायचा. एवढंच. यात कुणाला काय जड आहे, मला सांगा.

तर माझे जावई दिग्विजयराव डबा घेऊन आले. बडोद्याच्या अख्ख्या दांडिया बाजारातून, भर दुपारी, हातात डबा लटकवत, सासरी जेवायला!

दोन वर्षं झाली, त्यांचं अंग दुखतं. आज मान, उद्या मांड्या, परवा बोटं. तपासण्या केल्या तर सगळं ठीक. शेवटी एका डॉक्टरने नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. ते नीट म्हणायला मला चार दिवस लागले. गोळ्यांनी झोप लागली, पण वजन चढलं. वजनाने गुडघे धरले, गुडघ्यांमुळे फिरणं सुटलं, आणि फिरणं सुटल्यावर आणखी वजन. मग आहार सांगणारी एक बाई गाठली. ती म्हणाली, उपाशी राहायचं नाही, त्याने दुखणं वाढेल. वेळेवर खा, मोजकं खा, तळलेलं आणि गोड आवरा. सात महिन्यांत आठ किलो उतरले. आता सकाळी शर्टाची बटणं स्वतः लावतात म्हणे. अडतीस वर्षांच्या माणसाने बटणं लावली, याचं मी कौतुक करायचं का?

पाडव्याला मी आग्रह केला होता, ते कबूल करते. चार वाट्या श्रीखंड आणि पुऱ्या. ते काही नको म्हणाले नाहीत. पुढे तीन दिवस अंथरुणात. माझ्या लेकीने, यशश्रीने, फोनवर बजावलं, "आई, पुन्हा असं केलंस तर आम्ही तुझ्याकडे जेवायला येणं बंद."

तरी मी अनारसे केले. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, कुटले, चाळले. या वयात, या उकाड्यात.

आणि बघायला माझ्या थोरल्या जाऊबाई, येसूबाई, घडियाळी पोळातून खास आलेल्या.

"हे काय ग?" डबा बघून त्या म्हणाल्या. "तुझ्याकडचा गॅस संपला का?"

यशश्रीने डबा उघडला. मुगाची तीन धिरडी, दुधीची भाजी, दही, काकडी.

"आई, यातली दोन धिरडी आणि भाजी वाढ. बाकी काही नको."

"चांदीच्या ताटात दुधी?" मी म्हटलं. " लोक म्हणतील, सासूने जावयाला दवाखान्यातलं जेवण घातलं."

"म्हणू देत."

"एका अनारशाने काय होणार आहे ग?"

"एकाने कदाचित काही होणार नाही. पण एकावर थांबू देतं कोण या घरात?"

मी भांडी आपटली.

दिग्विजयरावांना खाली बसता येत नाही, म्हणून खुर्ची दिली. ओवाळलं, वाण दिलं, दुधीही वाढला. तेवढ्यात जाऊबाईंनी ताटलीतला अनारसा उचलला आणि थेट त्यांच्या तोंडाशी नेला.

"एवढा एक घ्या, जावईबापू. नाहीतर हिला वाईट वाटेल."

त्यांनी अनारशाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. आणि तोंड उघडलं.

तिकडे यशश्री उठली. खुंटीवरची पर्स काढून खांद्याला लावली.

मला असा संताप आला! सात महिने हा माणूस घास मोजून खातोय, पुढे काय होणार ते याला ठाऊक आहे, आणि सासूची मान खाली जाऊ नये म्हणून तोंड उघडून बसलाय!

"तोंड मिटा!" मी ओरडले. जावयावर. धोंड्याच्या महिन्यात. "नको म्हणता येत नाही? जीभही दुखते का तुमची?"

"अग, जावयाशी असं बोलतात?" जाऊबाई म्हणाल्या.

"तुम्ही आधी तो अनारसा खाली ठेवा. उद्या त्यांची बटणं लावायला तुम्ही जाणार आहात का?"

जाऊबाईंनी अनारसा ठेवला नाही, स्वतःच खाल्ला. खुसखुशीत झाला होता, आवाज आला.

"आई, मला वाटलं तुम्हाला वाईट..." दिग्विजयराव चाचरले.

"वाटेल की! वाटू दे. मी काही वाईट वाटून तीन दिवस निजत नाही. जेवा आता."

ते जेवले. दोन धिरडी किती सावकाश खावीत माणसाने! ती संपली तसा माझा हात आपोआप तिसऱ्याकडे गेला.

"अर्धं तरी घ्या. मुगाचंच तर आहे."

त्यांनी घसा खाकरला. "नको, आई. झालं माझं."

नऊ वर्षांत पहिल्यांदा मला नको म्हणाले. आणि खरं सांगते, लागलं मला. इतकं कमी खाऊन माझ्या ताटावरून आजवर कुणी उठलेलं नाही. ते धिरडं मीच खाल्लं. अळणी.

यशश्रीने पर्स परत खुंटीला लावली आणि आपलं ताट वाढून घेतलं. तिने चार अनारसे खाल्ले.

ते निघताना मी यशश्रीला म्हटलं, "रविवारी या. काय करायचं ते आधी फोनवर सांग, मी करीन. मिठाचं मात्र माझ्यावर सोड."

"मीठसुद्धा बेताचंच, आई."

"बरं, बाई, बरं!"

"येतो मग," दिग्विजयराव म्हणाले, आणि जिना उतरायला लागले. एकेक पायरी, कठडा धरून.

पुढे 'पोटभर जेवायला या' असं तोंडात आलं होतं. गिळलं.